पाठमोरा माणूस: वाद्यवृंदाचा कंडक्टर नेमकं करतो काय?

आपल्या मैफलीत चार माणसं बसलेली असतात. गायकाने मान किंचित हलवली की तबलजीला कळतं, आता समेवर यायचं आहे. पेटीवाला गायकाच्या गळ्यामागोमाग जातो. कोणी उभं राहून हात हलवत नाही. त्यामुळे पाश्चात्त्य वाद्यवृंद पहिल्यांदा पाहणाऱ्या मराठी श्रोत्याला एक प्रश्न हमखास पडतो. नव्वद वादक मन लावून वाजवतायत, प्रत्येकासमोर त्याची स्वरलिपी आहे, मग प्रेक्षकांकडे पाठ करून उभा असलेला तो माणूस काय करतोय? हातात एक पातळ काडी, तोंडातून शब्द नाही, वाद्याला हात नाही. तरी टाळ्या सर्वांत जास्त त्यालाच, आणि ध्वनिमुद्रिकेवर नावही त्याचंच मोठ्या अक्षरात.

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधताना मला एका मुंबईकराच्या आयुष्याचा फार उपयोग झाला. झुबिन मेहता. नाव सगळ्यांना माहीत, कामाविषयी मात्र आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. ‘जगप्रसिद्ध भारतीय’ म्हणून आपण त्यांचा अभिमान बाळगतो आणि तिथेच थांबतो. पण हा माणूस सहा दशकांहून जास्त काळ जे करत आला ते समजून घेतलं, तर ती काडी हलताना वेगळीच दिसायला लागते.

दिवाणखान्यातली तालीम

झुबिन यांचा जन्म 29 एप्रिल 1936 रोजी मुंबईत, पारशी कुटुंबात झाला. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक होते आणि झुबिनच्या जन्माच्या आदल्या वर्षी, 1935 मध्ये, त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. त्या काळच्या मुंबईत सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना, वाजवायची म्हणजे माणसं गोळा करण्यापासून सुरुवात. गोव्याकडचे वादक, नौदलाच्या बँडमधले लोक, शहरात राहणारे काही युरोपीय, अशी ती मोट होती. घरी तालमी चालत. मुलगा चालायला लागायच्या आधीपासून त्याच्या कानावर व्हायोलिन, व्हिओला, चेलो यांचे सुटे सुटे भाग पडत होते.

यातला ‘सुटे सुटे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण श्रोते सिंफनी ऐकतो ती शिजलेली, एकजीव झालेली. तालमीत ती चिरलेल्या भाजीसारखी वेगवेगळ्या ताटांत असते. आज फक्त तंतुवाद्यं, उद्या फक्त फुंकीची वाद्यं. ज्याच्या कानाला लहानपणापासून हे सुटे भाग ठाऊक आहेत, त्याला पूर्ण वाद्यवृंद ऐकतानाही आतली प्रत्येक धार वेगळी ऐकू येते. कंडक्टरचं पहिलं भांडवल हेच. पंधरा-सोळाव्या वर्षी झुबिन वडिलांच्या वाद्यवृंदाच्या तालमींत हात घालायला लागले होते.

घरच्यांना मुलगा डॉक्टर व्हावा असं वाटत होतं. सेंट झेवियर्स महाविद्यालयात दोन वर्षं त्या वाटेने गेलीही. मग 1954 मध्ये, अठराव्या वर्षी, झुबिन व्हिएन्नाला गेले. तिथे कार्ल ब्योम यांच्या संचालनाखाली व्हिएन्ना फिलहार्मोनिकने वाजवलेली ब्राम्सची पहिली सिंफनी त्यांनी ऐकली. मुंबईत जे संगीत रेकॉर्डच्या खरखरीतून आणि मोजक्या वादकांकडून ऐकलं होतं, ते पूर्ण अंगाने समोर उभं राहिलं. वाद्यवृंदाचा आवाज कसा असावा, याचं त्यांचं माप त्या सभागृहात ठरलं. पुढे लॉस एंजेलिस असो की तेल अवीव, तंतुवाद्यांकडून तो उबदार, भरीव नाद काढून घेण्याचा त्यांचा आग्रह कायम राहिला.

नव्वद जणांना एकमेकांचं ऐकू येत नाही

आता मूळ प्रश्नाकडे. सगळे चांगले वादक आहेत, तर ते एकमेकांचं ऐकून का वाजवत नाहीत?

कारण ऐकू येतं ते उशिरा येतं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मोठ्या रंगमंचावर एका टोकाचा व्हायोलिनवादक आणि दुसऱ्या टोकाचा डबल बासवाला यांच्यात 17 मीटरचं अंतर धरलं, तर एकाचा स्वर दुसऱ्यापर्यंत पोहोचायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. हे फार वाटत नाही. पण द्रुत लयीत एकेक छोटा स्वर सेकंदाच्या नवव्या-दहाव्या हिश्शात येऊन जातो. म्हणजे ऐकून वाजवणारा अर्धा स्वर मागे पडला. त्याचं ऐकून वाजवणारा आणखी मागे. मागच्या ओळीतले ट्रॉम्बोन आणि टिंपनीवाले (टिंपनी म्हणजे मोठे नगारे) तर दूर बसलेले, त्यांनी पुढच्यांचं ऐकून वाजवलं तर प्रेक्षकांपर्यंत ते हमखास उशिरा पोहोचणार. प्रकाशाला मात्र असा वेळ लागत नाही. म्हणून सगळ्यांना दिसेल अशा एका जागी लय ‘दाखवावी’ लागते. ती काडी, म्हणजे बॅटन, मुळात एवढ्यासाठी आहे: हाताची हालचाल लांबून नीट दिसावी.

पूर्वी हे काम काठी आपटून करत. फ्रान्सच्या राजदरबारातला संगीतकार झां-बातीस्त ल्यूली 1687 च्या जानेवारीत असाच जड काठीने ताल देत असताना ती त्याच्या पायाच्या बोटावर बसली, जखम चिघळली आणि मार्चमध्ये तो गेला. पुढे वाद्यवृंद लहान होते तोवर पहिला व्हायोलिनवादक किंवा हार्पसिकॉर्डवर बसलेला माणूसच खुणावून सगळ्यांना सांभाळून न्यायचा. एकोणिसाव्या शतकात वादकांची संख्या वाढली, रचना गुंतागुंतीच्या झाल्या, लय मधेच पालटायला लागली, आणि तेव्हा फक्त संचालन करणारा माणूस उभा राहिला.

कंडक्टरशिवाय चालतच नाही असं मात्र नाही. मॉस्कोमध्ये 1922 मध्ये ‘पेर्सिम्फान्स’ नावाचा वाद्यवृंद निघाला, त्यात संचालकच नव्हता. दहा वर्षं तो चालला. न्यूयॉर्कचा ऑर्फिअस हा छोटा वाद्यवृंद 1972 पासून असाच वाजवतो आहे. पण एकत्र येण्याचं जे काम एक माणूस हाताने दाखवून पटकन करतो, ते चर्चा करून करायचं तर तालमी कितीतरी वाढतात. तेव्हा ताल देणं हे कंडक्टरच्या कामाचं कारण आहे, पण ते त्याच्या कामाचं मोठेपण नाही. मोठेपण पुढेच आहे.

प्रत्येकाचा सा वेगळा

वादकासमोर फक्त त्याच्या वाद्याचा कागद असतो. बासरीवाल्याला व्हायोलिनमध्ये काय चाललंय हे कागदावर दिसत नाही. सगळ्यांचं सगळं एकाखाली एक लिहिलेलं असतं ते कंडक्टरसमोरच्या जाड वहीत. तिला स्कोअर म्हणतात. एका पानावर वीस-पंचवीस आडव्या ओळी: वर बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून, मग हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, मग टिंपनी, तळाशी तंतुवाद्यं. डोळ्याने हे पान वाचायचं आणि मनात ते सगळं एकाच वेळी ‘ऐकू’ यायला हवं, एकही वाद्य न वाजता.

यात एक मोठीच अडचण आहे आणि ती आपल्याला चटकन समजेल अशी आहे. आपल्याकडे कोणी काळी दोनमध्ये गातं, कोणी पांढरी पाचमध्ये, सा हलतो. स्कोअरमध्येही काहीसं तसंच असतं, पण एकाच पानावर. नेहमीच्या क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर ‘सी’ लिहिलेला असतो, म्हणजे पेटीवरची पांढरी एक. तो ते बोट ठेवून फुंकतो आणि कानावर पडते काळी पाच. हॉर्नवाला तोच ‘सी’ वाचतो आणि ऐकू येते पांढरी चार. वाद्यांच्या नळीच्या लांबीमुळे पडलेली ही जुनी पद्धत आहे. कंडक्टरला प्रत्येक ओळ त्या त्या वाद्याच्या हिशेबाने मनात उलटवून वाचावी लागते, तेही वाचनाचा वेग न मोडता.

व्हिएन्नात मेहतांना हे शिकवलं हान्स स्वारोव्स्की यांनी. स्वारोव्स्की स्वतः शोनबर्ग आणि वेबर्न या संगीतकारांचे विद्यार्थी. त्यांचा सारा भर विश्लेषणावर होता: रचना कशी बांधलीय, वाक्य कुठे संपतंय, पुढचा भाग आधीच्या लयीशी कोणत्या नात्याने जोडलाय. हातवाऱ्यांचं कौतुक नाही. हात सुटसुटीत ठेवायचे, जेवढी गरज तेवढेच हलवायचे. मेहतांच्या संचालनात जी स्वच्छता दिसते आणि ज्या सहजतेने ते मोठमोठ्या रचना स्कोअर न ठेवता संचालित करत आले, त्याची मुळं या वर्गात आहेत. पाठांतर हा तिथे पराक्रम नसतो. रचना आतून समजली की ती लक्षात राहतेच, बंदिशीची जागा जशी घोकावी लागत नाही.

त्याच वेळी ते डबल बासही शिकले. हा तपशील मला फार आवडतो. डबल बासवाला सगळ्यात खाली, पायाशी उभा असतो. तिथून संगीत ऐकलेल्या माणसाला इमारत कशावर उभी आहे ते कळतं.

हात काय सांगतात

उजवा हात मात्रा दाखवतो. चार मात्रांचं आवर्तन असेल तर हात खाली, डावीकडे, उजवीकडे, वर असा फिरतो. खाली येणारा ठोका म्हणजे आपली सम. डावा हात बाकीचं बोलतो: तळवा खाली केला की आवाज कमी, वर उचलला की आवाज वाढवा, बोट दाखवलं की ‘ओबो, आता तू’. चाळीस आवर्तनं गप्प बसलेल्या झांजवाल्याला त्याच्या एकमेव ठोक्याआधी कंडक्टरची नजर मिळाली, तर त्याला किती धीर येतो याची कल्पना करा.

पण सगळ्यात मोठी गोष्ट घडते ती ठोक्याच्या आधी. हात वर जातो आणि मग खाली येतो. वर जाणाऱ्या त्या हालचालीतच वादकांना सगळं कळतं: लय किती, आवाज किती, सूर धारदार हवा की मऊ. वादक त्याच क्षणी श्वास घेतात. हात खाली आल्यावर सांगून उपयोग नाही, तोवर स्वर निघून गेलेला असतो. म्हणजे कंडक्टर कायम संगीताच्या एक पाऊल पुढे जगतो. कानाने आत्ता वाजतंय ते तपासायचं आणि हाताने पुढचं सांगायचं. दोन वेगवेगळ्या क्षणांत एकाच वेळी राहायचं.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात. तीन आखूड स्वर आणि एक लांब, जगभर ओळखीचे. ऐकणाऱ्याला वाटतं ती ठोक्यावर सुरू होते. कागदावर मात्र पहिल्या मात्रेचा पहिला अर्धा भाग रिकामा आहे. सिंफनी सुरू होते ती शांततेने. कंडक्टरचा हात खाली येतो तेव्हा कोणीच वाजवत नाही. त्या मोकळ्या जागेवरून उडी घेऊन सगळी तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेटं एकदम शिरायची. आणि चौथा स्वर किती वेळ धरायचा ते लिहिलेलं नाही, फक्त थांबण्याची खूण आहे. तो कधी सोडायचा हे कंडक्टर ठरवतो. खुणेत जराशी शंका असली तरी पहिलीच ओळ फाटते.

भिंतीपलीकडची तालीम बघण्यासाठी

हात शिकता येतात. तालीम कशी घ्यायची हे कोणत्या पुस्तकात शिकणार? व्हिएन्नात मोठमोठे कंडक्टर येत, पण त्यांच्या तालमींना विद्यार्थ्यांना प्रवेश नसे. मेहता आणि त्यांचा इटालियन वर्गमित्र क्लाउदिओ अब्बादो (तोही पुढे जगातल्या थोर संचालकांपैकी एक झाला) यांनी युक्ती काढली. दोघे तिथल्या मोठ्या गायनसमूहात दाखल झाले. गायक म्हणून तालमीला बसायचा हक्क मिळाला, आणि खर्जात गाता गाता समोर ब्रूनो वॉल्टर, हर्बर्ट फॉन कारायान यांसारखी माणसं काम कसं करतात ते जवळून बघता आलं.

त्यांनी काय पाहिलं असेल? तालमीचा वेळ मोजका असतो. नव्वद माणसं, ठरलेले तास. चुकलेली प्रत्येक गोष्ट थांबवून सांगत बसलं तर वेळ संपतो आणि वादक वैतागतात. काही चुका पुढच्या वेळी आपोआप सुधारतात, त्या सोडून द्यायच्या. काही सुधारत नाहीत, त्यांवर नेमकं बोट ठेवायचं. ‘अजून भाव आणा’ म्हणून काही होत नाही. ‘दुसऱ्या व्हायोलिननी इथे हळू वाजवा, म्हणजे ओबो ऐकू येईल’ म्हटलं की होतं. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी ती रचना तुमच्यापेक्षा जास्त वेळा वाजवलेली असते. पहिल्या दहा मिनिटांत त्यांना कळतं, या माणसाचे कान खरे आहेत की नाहीत.

1956 मध्ये हंगेरीतला उठाव चिरडला गेला आणि निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले. मेहतांनी विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद काही दिवसांत जमवून त्यांच्या छावणीत कार्यक्रम केला. वीस वर्षांच्या मुलाने मोठ्या गुरूंकडे पाहून जे उचललं होतं, ते इथे वापरलं गेलं.

दुसऱ्याच्या जागी

1958 मध्ये लिव्हरपूलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं, त्यातून तिथे वर्षभर सहायकाचं काम मिळालं. त्यानंतरचा त्यांचा उदय झाला तो मात्र बदली म्हणून. 1960 मध्ये इगोर मार्केविच आजारी पडले, मॉन्ट्रिअलमध्ये मेहता उभे राहिले. 1961 मध्ये फ्रिट्झ रायनर येऊ शकले नाहीत, लॉस एंजेलिसमध्ये मेहता. त्याच वर्षी युजीन ऑर्मंडी यांच्या जागी इस्रायल फिलहार्मोनिकसमोर मेहता. पंचविसाव्या वर्षापर्यंत व्हिएन्ना आणि बर्लिन दोन्ही फिलहार्मोनिकचं संचालन करून झालं होतं.

याला नशीब म्हणणं सोपं आहे. बदली कंडक्टरला कार्यक्रम निवडता येत नाही, तालमी कमी मिळतात, आणि समोरचे लोक दुसऱ्या कुणाची वाट बघत असतात. अशा वेळी उपयोगी पडतं ते फक्त आधीच केलेलं काम: कुठलीही रचना पुढे आली तरी ती आत तयार असणं. तिन्ही ठिकाणांशी त्यांचं नातं पुढे जुळलं यातच त्या संधींचं काय झालं ते कळतं. मॉन्ट्रिअलने 1961 मध्ये त्यांना संगीत दिग्दर्शक केलं, लॉस एंजेलिसने 1962 मध्ये.

लॉस एंजेलिसची गोष्ट सरळ नाही. तिथे जॉर्ज सोल्टी यांची नेमणूक झाली होती. त्यांना न विचारता व्यवस्थापनाने मेहतांना त्यांचे सहायक नेमलं. सोल्टी भडकले आणि पदावर रुजू होण्याआधीच बाहेर पडले. ते पद सव्वीस वर्षांच्या मेहतांकडे आलं आणि 1978 पर्यंत राहिलं. सोल्टींचा राग मला योग्यच वाटतो, कारण संगीत दिग्दर्शक या पदाचा अर्थच असा आहे की वाद्यवृंदात कोण असणार यात त्याचा शब्द चालावा.

पाहुणा आणि घरचा

इथे एक फरक सांगायला हवा. पाहुणा कंडक्टर येतो, काही तालमी घेतो, कार्यक्रम करतो, जातो. संगीत दिग्दर्शक घर चालवतो. वर्षभर काय वाजणार, कोणते पाहुणे येणार, निवृत्त वादकाच्या जागी कोण येणार, नव्या संगीतकाराला रचना करायला सांगायचं का, हे सगळं त्याच्याकडे. वादकांची निवड तर अनेक ठिकाणी पडद्याआडून होते. कोण वाजवतंय ते दिसू नये, फक्त ऐकू यावं. असा एकेक वादक निवडत दहा-पंधरा वर्षांत वाद्यवृंदाचा आवाज पालटतो. कंडक्टरचा खरा ठसा एखाद्या संध्याकाळच्या हातवाऱ्यांत शोधू नये. तो या हळू कामात असतो.

1978 ते 1991 मेहता न्यूयॉर्क फिलहार्मोनिककडे होते, हजाराहून जास्त कार्यक्रम केले. तिथल्या समीक्षकांनी त्यांना फारसं गोंजारलं नाही. भडकपणा जास्त, खोली कमी, असा सूर असे. बीथोव्हेन किंवा मोझार्टच्या बाबतीत ही तक्रार मी पूर्ण खोडून काढणार नाही. पण ब्रुकनर, माहलर, रिचर्ड स्ट्राउस यांच्या विस्तीर्ण रचनांत, जिथे आवाजाच्या मोठ्या लाटा न फुटता तोलून धराव्या लागतात, तिथे त्यांची पकड विलक्षण आहे असं मला वाटतं.

सगळ्यात लांबचं घर मात्र इस्रायल फिलहार्मोनिक. हा वाद्यवृंद ब्रोनिस्लाव ह्युबरमान या व्हायोलिनवादकाने युरोपातून निसटलेल्या ज्यू वादकांना घेऊन उभारला, आणि त्याचा पहिला कार्यक्रम डिसेंबर 1936 मध्ये आर्तुरो तोस्कानिनींनी केला. म्हणजे तो मेहतांच्याच वयाचा. 1969 मध्ये ते त्याचे सल्लागार झाले, 1977 मध्ये संगीत दिग्दर्शक, आणि 1981 मध्ये वादकांनी त्यांना तहहयात हे पद दिलं. 1967 च्या युद्धात ते बाकीची कामं सोडून तिथे पोहोचले. ऑक्टोबर 2019 मध्ये माहलरच्या दुसऱ्या सिंफनीने त्यांनी निरोप घेतला.

याच वाद्यवृंदाबरोबर त्यांनी आपल्या अधिकाराची मर्यादाही पाहिली. जर्मन संगीतकार वाग्नरचं संगीत तिथे 1938 पासून वाजवलं जात नव्हतं, कारण त्याचा ज्यूद्वेष आणि नाझींनी केलेला त्याचा उदोउदो. 1981 मध्ये मेहतांनी तेल अवीवमध्ये, ठरलेला कार्यक्रम झाल्यावर, वाग्नरचा एक भाग वाजवायचं ठरवलं. ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी जावं, असं आधी सांगितलं. तरी सभागृहात आरडाओरड झाली, छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या वेदना उफाळून आल्या. तो अलिखित निर्बंध पुढेही टिकला. कंडक्टर स्वर निवडू शकतो, ते स्वर ऐकणाऱ्याच्या मनात काय जागं करतील हे त्याच्या हातात नसतं.

संगत

तबल्याची संगत कशी असावी यावर आपण तासन्‌तास बोलतो. कंडक्टरही संगत करतो, आणि ती अवघड असते. 7 जुलै 1990 रोजी रोममध्ये, काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत, पावारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास हे तीन गायक एकत्र गायले. संचालन मेहतांचं. गायक वरच्या स्वरावर थांबला की किती थांबेल हे त्यालाही आधी ठाऊक नसतं. श्वास आणि त्या क्षणाचा उत्साह ठरवतो. कंडक्टर त्याच्या छातीकडे, खांद्यांकडे बघत असतो. गायक स्वर सोडणार हे ओळखून तेवढ्यात अख्ख्या वाद्यवृंदाला हात द्यायचा. दोन वाद्यवृंदांतून एकत्र केलेला तो ताफा होता, तरी एकही जागा पडली नाही.

1981 मध्ये न्यूयॉर्कमध्ये तर पेच वेगळाच होता. पंडित रविशंकर यांनी सतार आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेला दुसरा कंचेर्टो (एक वादक आणि वाद्यवृंद यांची रचना), ‘रागमाला’, त्यांनी मेहतांबरोबर पहिल्यांदा सादर केला. एका बाजूला नव्वद माणसं कागदावर लिहिलेलंच वाजवणारी, दुसऱ्या बाजूला उपज हाच ज्याचा प्राण असा कलाकार. या दोघांच्या मध्ये कोणी तरी असा हवा ज्याला दोन्ही भाषा निदान कानाने कळतात.

जिथे वाजवायचं ती जागा

सारायेव्होचं राष्ट्रीय ग्रंथालय 1992 च्या बाँबफेकीत जळालं होतं. शहराला वेढा असतानाच, जून 1994 मध्ये, त्या छप्पर उडालेल्या भिंतींमध्ये मेहतांनी तिथल्याच वाद्यवृंदाबरोबर आणि गायकांबरोबर मोझार्टची ‘रेक्विएम’, मृतांसाठीची प्रार्थना, सादर केली. 2013 च्या सप्टेंबरमध्ये श्रीनगरच्या शालिमार बागेत बव्हेरियाच्या सरकारी वाद्यवृंदाबरोबर कार्यक्रम झाला, काश्मिरी वादकही त्यात होते. तो फक्त निमंत्रितांसाठी होता आणि त्यावरून बरीच टीका झाली. ती टीका मला पटते. ज्यांच्यासाठी वाजवायचं ते बाहेर राहिले.

तुम्हाला कंडक्टरचं काम डोळ्यांनी बघायचं असेल तर व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या 1 जानेवारीच्या कार्यक्रमाचं चित्रण लावा. मेहतांनी तो पाच वेळा केला: 1990, 1995, 1998, 2007 आणि 2015. या वाद्यवृंदाने 1933 पासून कायमचा संचालक ठेवलेलाच नाही, वादक स्वतः पाहुणे बोलावतात. वाल्ट्झ या नाचाच्या संगीतात तीन मात्रा असतात, पण व्हिएन्नाचे लोक दुसरी मात्रा किंचित लवकर घेतात, त्यामुळे लयीला एक झोका येतो. तो कागदावर नाही, त्यांच्या अंगात आहे. त्या जागी मेहतांचा हात बघा: ते तीन मात्रा मोजून दाखवत नाहीत, आवर्तनाला एकदा हात देतात आणि मधली जागा वादकांवर सोपवतात. कुठे हात आवरायचा हे कळणं ही कमाईच आहे. शेवटी ‘राडेट्स्की मार्च’ला ते वाद्यवृंदाकडे पाठ करून प्रेक्षकांकडे वळतात आणि हजारो हातांच्या टाळ्या संचालित करतात: आता हळू, आता थांबा, आता जोरात. ज्यांनी आयुष्यात स्वरलिपी पाहिलेली नाही तेही एका इशाऱ्यावर थांबतात. काडीचा अर्थ त्या दोन-तीन मिनिटांत समजतो.

मेहली मेहतांनी जमवलेला बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा टिकला नाही. ते स्वतः आधी मँचेस्टरला, मग अमेरिकेला गेले. लॉस एंजेलिसमध्ये तरुण वादकांना घडवत राहिले आणि 2002 मध्ये वारले. त्यांच्या नावाची संस्था 1995 पासून मुंबईत पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण देते आहे. मुंबईला स्वतःचा व्यावसायिक वाद्यवृंद पुन्हा मिळाला तो 2006 मध्ये, नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात: सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. ऑगस्ट 2023 मध्ये, वयाच्या 87 व्या वर्षी, झुबिन मेहता पहिल्यांदाच त्याच्यासमोर उभे राहिले. याआधी ते मुंबईत आले ते बाहेरचे वाद्यवृंद सोबत घेऊन. या वेळी ते एकटे आले, वाद्यवृंद शहराचाच होता, आणि आधी तालीम घेतली.